जाता जाता बघ

“जालिंदर, जाता जाता बघ रे, डॉक्टरांचं शटर वर हाय का खाली?”

फोन माझ्या नवऱ्याच्या कानाला होता, पण पुढच्या सीटवर बसलेल्या मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्यानं एका हातानं स्टेअरिंग धरलं, मान उजवीकडं वळवली आणि जीप चालू असतानाच दवाखान्याकडं बघून घेतलं.

“अर्धं वर हाय. झाडलोट चाललीय. या म्हातारीला घेऊन.”

“आता समोर बघा,” मी म्हणाले.

“बघतोय की.”

“तुम्ही डॉक्टरांचं शटर बघताय.”

“अगं, आजारी आईला घेऊन एवढ्या लांब यायचं आणि शटर खाली असलं तर काय करायचं त्यानं? एक नजर टाकली तर माझं काय गेलं?”

तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायची, नाव तर घ्यायचीच नाही. आता लिहिताना नाव घेते आणि एकेरीत लिहिते. तो गेला तेव्हा चौतिशीत होता. आज मी त्याच्यापेक्षा वयानं मोठी आहे, तेव्हा एवढा अधिकार मला आहे.

आमचं माळखिंडी गाव डोंगराच्या कुशीत आणि तालुका खाली सपाटीला. मधल्या रस्त्यावर जालिंदरची जीप चालायची. गावोगावची माणसं कोंबून नेणाऱ्या अशा खासगी जीपला आमच्याकडं वडाप म्हणतात. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, बाकी दिवसभर जालिंदर. गावात मोबाईल आले आणि लोकांना माझ्या नवऱ्याचा एक नवाच उपयोग सापडला. दवाखाना, रेशनचं दुकान, बँक, जनावरांचा डॉक्टर, ओढ्यावरचा पूल, सगळं त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना होतं आणि जालिंदर दिवसातून कितीदा तरी तिथून जायचा. मग जो तो त्याला फोन लावायचा. जाता जाता बघ, रेशनला साखर आलीय का. जाता जाता बघ, पुलावर पाणी आहे का. एका बाईनं तर जावयाची गाडी चहाच्या टपरीसमोर उभी आहे का तेही बघायला लावलं होतं. होती. त्यावरून त्या घरात आठवडाभर भांडण चाललं.

“तुम्ही ड्रायव्हर नाही, गावाची वेधशाळा आहात,” मी चिडवायची. तो खूश व्हायचा. त्याला ती शाबासकीच वाटायची.

शटर बघितल्यावर दोन वळणं गेली नाहीत तोवर फोन पुन्हा वाजला. या वेळी मी तो त्याच्या खिशातून काढूनच घेतला.

“हॅलो, मी वैजयंता बोलतेय. काय बघायचं ते मला सांगा.”

पलीकडचा माणूस गडबडला. “वैनी, जालिंदरला द्या की.”

“ते गाडी चालवतायत.”

“व्हय, पर आमची म्हस सुटलीया. वढ्याकडंला दिसती का बघायची हुती. तुमास्नी काय वळखणार आमची म्हस?”

मी ओढ्याकडं बघितलं. तीन म्हशी होत्या. तिन्ही मला सारख्याच दिसल्या. जालिंदर हसून हसून लाल झाला. “मधली,” तो म्हणाला. “शिंग वाकडं हाय बघ. सांग त्याला, मधली.”

मी सांगितलं. मग तालुका येईपर्यंत त्याच्याशी भांडले. पूर्वा, आमची मुलगी, तेव्हा दुसरीत होती. तिची शपथ घातली. तो म्हणाला, “बरं, बंद करतो.” आणि खरंच दोन दिवस त्यानं गाडीत फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी लोक घरी येऊन सासऱ्यांना विचारू लागले, की जालिंदरला एवढी कसली मस्ती आली? सासऱ्यांना सगळं घर आप्पा म्हणायचं. आप्पांनी त्याला जेवताना सांगितलं, “माणसांची नड असती बाबा. उचलत जा.” तो पुन्हा उचलायला लागला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. सकाळची पहिली खेप होती. खिंडीखालच्या उतारावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या डाव्या कडेला उभी होती. उजेड स्वच्छ होता, रस्ता कोरडा होता. जालिंदरची जीप सरळ तिच्या मागच्या बाजूत घुसली. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस काच फोडून आत शिरला. तो जागीच गेला.

गाडीत एकच प्रवासी होती, आमच्या शाळेच्या मेघनाबाई. त्या मागं बसल्या होत्या म्हणून हातावर निभावलं. गळ्यात हात अडकवून त्या मला भेटायला आल्या तेव्हा मी त्यांना एकच विचारलं.

“कुणाशी बोलत होते ते?”

“फोन कानाला होता एवढं मी बघितलं. डावीकडं वाकून बाहेर काहीतरी बघत होते. इंजिनाच्या आवाजात बोलणं नाही हो कळलं मला.”

फोनचे तुकडे झाले होते. ते जीपबरोबर पोलिसांनी नेले. पण कुणाचा फोन होता हे गावाला शोधावं लागलंच नाही. मालनकाकूनं आपण होऊन सांगितलं होतं.

मालनकाकू आमच्या भावकीतली. रोज पहाटे भाजी काढायची आणि जालिंदरच्या जीपनं बाजाराला न्यायची. उताराच्या खाली, डाव्या हाताला फाटा आहे, तिथं ती पाट्या घेऊन उभी राहायची. त्या सकाळी मेथीच्या पेंड्या बांधायला उशीर झाला म्हणून तिनं त्याला फोन केला होता, जरा थांब म्हणून. धडक झाली तेव्हा ती फाट्यावरच होती. धावत वर आली, छाती पिटत म्हणाली, “आत्ता बोलला की माझ्यासंगं! आत्ता तर बोलला!” लोकांना एवढं पुरे झालं. डावीकडं वाकून बघत होता ना? म्हणजे फाट्यावरच्या मालनलाच बघत असणार.

घरची बाकी माणसं पोचायच्या आधीच आप्पा तिथं होते. ते नदीकडून चालत आले होते म्हणे, गुडघ्यापर्यंत चिखल होता. मुलाला जीपमधून काढताना त्यांनीच त्याचं डोकं धरलं होतं. तेव्हापासून त्यांची वाचा बसल्यासारखी झाली. घरी माणसं येत होती, जात होती, आप्पा भिंतीला टेकून बसलेले असायचे. कुणी भाकरी पुढं केली तर हातात घ्यायचे आणि तशीच धरून ठेवायचे.

मालनकाकू आम्हाला भेटायला आली तेव्हा माझ्या सासूबाई ओसरीवरच होत्या. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्ती तिला बघून उठल्याच.

“पायरी चढू नगंस! दोन पेंड्या मेथीसाठी माझा ल्योक खाल्लास. आता काय बघायला आलीस?”

“वैनी, मी काय जाणून...”

“तुझी भाजी सडंल. तुझ्या हातचं कुणी घेणार न्हाई बघ.”

मालनकाकू पदर तोंडाशी धरून उभी राहिली. आप्पा उठले आणि गोठ्याकडं निघून गेले. मला वाटलं, त्यांना हा गोंधळ सहन होत नसेल.

मला त्या वेळी कुणाला शिव्या द्यायचं त्राण नव्हतं. मला एकच हवं होतं. तो शेवटचं काय बोलला, ते मला ऐकायचं होतं. सकाळी तो निघाला तेव्हा मी पूर्वाची वेणी घालत होते. बाहेरून हॉर्न वाजला आणि जीप गेली, आमचं बोलणं काहीच झालं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात आपल्या माणसाचा शेवटचा शब्द आपल्याकडं नाही, तो दुसऱ्या कुणाकडं तरी आहे, हे मला रात्रंदिवस टोचत होतं. इतर बायका मला रड म्हणत होत्या. मी रडत नव्हते. मी तो शब्द शोधत होते.

सुतकात विधवेनं घराबाहेर पडायचं नसतं. मी पडले. दुपारची सामसूम बघून मालनकाकूच्या घरी गेले.

ती दारातच बसली होती. अंगणात मेथी, शेपू, वांगी तशीच पडून सुकली होती. ती बाजाराला जात नव्हती आणि गावात तिच्याकडून कुणी काही घेत नव्हतं. मला बघून ती घाबरली. मी तिला मारायला आले असं तिला वाटलं असावं.

“काकू, मी भांडायला नाही आले. ते काय म्हणाले तेवढं मला सांगा.”

तिचे डोळे भरून आले. “बस गं बाई. पाणी देऊ?”

“नको. काय म्हणाले?”

“मी म्हणलं, जालिंदर, जरा उशीर व्हतोय, थांबशील का? त्यो म्हणाला, ‘थांबतो काकू. घाई करू नका.’ एवढंच. अन् फोन ठिवला.”

“त्यांनी ठेवला? का आवाज झाला आणि बंद पडला?”

“ठिवला गं. ठिवल्याचं मला कळलं. मग मी पेंड्या बांधल्या, पाट्या भरल्या, फाट्यावर येऊन हुबी ऱ्हायले. मग आवाज झाला.” ती थांबली. मग हळूच म्हणाली, “पर समदी म्हंत्यात तू बोलत व्हतीस तवाच झालं. इतकी माणसं खोटं कशाला बोलतील? रातच्याला मला बी तसंच आठवाय लागतंय. म्हंजे मी बोलतीया अन् मधीच आवाज झाला, असं. मला माझंच खरं वाटंना झालंय, वैजू.”

मी घरी आले. थांबतो काकू, घाई करू नका. मला तिचा राग आला नाही, त्या शब्दांचाच राग आला. भाजीच्या पाट्यांसाठी बोललेले शब्द माझ्या वाट्याला आले होते. शिवाय ती म्हणाली तसा त्यानं फोन ठेवला असेल, तर त्यानंतर कानाला होता तो फोन कुणाचा? पण मालनकाकूचा तिच्याच बोलण्यावर भरवसा राहिला नव्हता, तर मी कशाच्या आधारावर बोलणार? मी गप्प बसले.

दहाव्याला आमच्याकडं बायकाही नदीवर जातात. भटजींनी वाळूत पिंड मांडला. वरच्या जांभळीवर कावळे होते. एक खाली यायचा, दोन पावलं टाकायचा आणि उडून जायचा. कावळा शिवत नाही तोवर गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं मानतात, आणि एकेक जण पुढं होऊन त्याला शब्द देतो.

“जालिंदर, पूर्वाला आम्ही शिकवू,” माझे चुलतदीर शहाजी हात जोडून म्हणाले. “मागं बघू नगंस.”

कावळा आला नाही.

“वैजूला आम्ही कधी अंतर देणार न्हाई,” आत्ती म्हणाल्या.

कावळा आला नाही. मीही पुढं झाले, पण मला काय शब्द द्यावा ते कळेना. मला त्याला काही सांगायचं नव्हतं, त्याच्याकडून ऐकायचं होतं. मी नुसती हात जोडून मागं सरले.

ऊन वर यायला लागलं. माणसांची चुळबुळ सुरू झाली. शहाजी मागं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, “मालन कुटं हाय? तिच्यात अडकलाय त्याचा जीव. तिला म्होरं आणा.”

मालनकाकू सगळ्यांच्या मागं, पाण्याच्या कडेला एकटीच उभी होती. दोन बायकांनी तिला दंडाला धरून आणलं. तिनं विरोध केला नाही. पिंडासमोर गुडघे टेकले आणि वाळूला डोकं लावलं.

“जालिंदर,” ती म्हणाली, “माझ्या फोनानं तुझा जीव गेला. चुकलं माझं, बाबा. मी कबूल करते. मला माफ कर अन् घास घे.”

आत्ती दुसरीकडं बघत होत्या. मला सांगायचं होतं, की नाही, त्यांनी फोन ठेवला होता म्हणून. पण माझ्या आधीच मागून आवाज आला. इतका घोगरा, की क्षणभर कुणाचा तेच ओळखू येईना.

“ऊठ, मालन.”

आप्पा होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलत होते.

“ऊठ म्हणतो ना. तुझा फोन नव्हता त्यो. माझा व्हता.”

शहाजी त्यांच्याकडं धावले. “आप्पा, तुमचं ध्यान ठिकाणावर न्हाई. बसा तुमी.”

“ध्यान ठिकाणावर हाय माझं. ते नसतं तर बरं झालं असतं.” आप्पांनी त्यांचा हात झटकला. चालत मालनकाकूपर्यंत आले आणि तिच्यासमोर वाळूत बसले. “त्या दिवशी माळावरच्या रानाला पयल्यांदा पाणी सोडायचं व्हतं. पाईप जोडून झाली व्हती. लाईट आली तशी मी हितं, नदीवर, मोटर चालू केली. पाणी पडणार तिकडं वर, सडकेच्या डाव्या अंगाला. हितनं मला काय दिसणार? म्हणून त्याला फोन लावला. म्हणलं, जाता जाता बघ, पाणी पडतंय का.”

गावातल्या प्रत्येकानं त्याला कधी ना कधी हेच सांगितलं होतं. सगळ्या माना खाली गेल्या.

“त्यो म्हणाला, ‘आप्पा, काकूला गाडीत घेतो अन् उतरून बघतो, दमा वाईच.’ मला दम धरवला न्हाई. म्हणलं, लाईटचा काय भरवसा, आत्ताच बघ. लय वरसं वाट बघितली व्हती रं मी त्या पाण्याची.”

मी आप्पांच्या पुढ्यात जाऊन बसले. सासऱ्यांसमोर असं बसायची रीत नव्हती. “मग? मग काय म्हणाले ते?”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा इतका उघडा मी कधी बघितला नव्हता.

“‘पडतंय, आप्पा,’ म्हणाला. ‘मनगटाएवढी धार पडतीया. अख्खा माळ भिजतोय बघा.’ अन् हसला. ल्हानपणी हसायचा तसा. मग धाडदिशी आवाज आला अन् फोन बंद झाला.”

“आणि तुम्ही...”

“मला वाटलं, पाईप फुटली.”

आप्पांनी नदीवरच्या मोटरकडं हात केला.

“मी मोटर बंद केली,” आप्पा म्हणाले. “कुटं फुटली ते बघत पाईपीच्या कडंकडंनं वर निघालो. मनात नुसता राग व्हता, त्या पाईप जोडणाऱ्याचा. सगळी पाईप बघितली. सगळे सांधे हातानं चाचपले. कुटंच फुटली नव्हती, पोरी. समदी धड व्हती. वर सडकंवर आलो तर...”



ज्याच्याकडं तो शब्द सापडेल त्याला मी सोडणार नाही, असं मी मनाशी किती वेळा म्हटलं होतं. तो शब्द आता सापडला होता. मनगटाएवढी धार. मी तो पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते आणि रडत होते. मला आप्पांचा राग येत होता, इतके दिवस एका बाईला जळताना बघत बसले म्हणून फार राग येत होता, आणि त्याच वेळी मी त्यांचे चिखलानं भेगाळलेले पाय दोन्ही हातांनी धरले होते. कावळा शिवला की नाही ते मला आठवत नाही. मी नंतरही कुणाला विचारलं नाही.

शहाजी पाण्याकडं तोंड करून उभे राहिले. माणसं एकेक करून मागं सरकली. आत्ती मात्र पुढं आल्या. त्या आप्पांवर तुटून पडतील असं मला वाटलं. त्या खाली बसल्या, नवऱ्याच्या अगदी जवळ, आणि भीतभीत विचारावं तसं त्यांनी विचारलं.

“काय म्हणाला म्हणालासा? परत सांगा.”

“मनगटाएवढी धार पडतीया, म्हणाला.”

“अन् हसला?”

आप्पांनी मान हलवली.

“खरं सांगा. हसला व्हता का वो?”

आप्पांचे ओठ नुसते हलत होते. तेव्हा मालनकाकू वाळूतून सरकत पुढं आली. तिच्या कपाळाला अजून वाळू चिकटलेली होती. तिनं आत्तींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“हसला, वैनी,” ती म्हणाली. “हसत व्हता त्यो.”